गोथेनबर्गला कुणाच्या घरी उतरताना: आधी घराचं ठरवा, मग शहराचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळची कोल्हापूरची, सध्या जर्मनीत एमएस्सी करणारी एक मुलगी मेच्या शेवटच्या आठवड्यात पाठीवर सॅक टाकून एकटीच स्वीडनला निघाली आहे. गोथेनबर्गच्या मायोर्ना भागात एक निवृत्त शिक्षिका तिला पाच रात्री स्वतःच्या घरी फुकट ठेवून घेणार आहेत. ओळख प्रवाशांच्या एका संकेतस्थळावरची. पाच दिवसांत काय पाहू, खर्च कमी कसा ठेवू, शाकाहारी माणसाचं कसं होईल, असं तिने विचारलंय. आणि शेवटी जाता जाता: "मैत्रीण म्हणते तिकडचे लोक पाहुण्याला जेवायलासुद्धा विचारत नाहीत. मग मी त्यांच्याकडे राहायचं तरी कसं? आई ओळखीच्यांबरोबर हापूस पाठवते म्हणतेय, नेऊ का?"

वयाने लहान आहेस, म्हणून 'तू'च म्हणते. मी गोथेनबर्गमध्ये बरीच वर्षं राहते. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर कितीतरी पोरंपोरी उतरून गेली, आणि नॉर्वे-डेन्मार्कमध्ये मीही अनोळखी घरांत राहिले आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तू जे शेवटी विचारलंयस तेच खरं महत्त्वाचं आहे. शहरात काय पाहावं हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. अनोळखी बाईंच्या छोट्या घरात पाच रात्री राहताना त्यांना जड न होता, स्वतःही अवघडून न जाता कसं राहायचं, हे मात्र तिथे मिळत नाही. आणि ते जमलं नाही, तर शहर पाहतानाही डोक्यात 'आता घरी जाऊ का, बरं दिसेल का' एवढंच चालू राहतं.

आधी ते जेवायला न विचारण्याचं. मे २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर यावरून मोठा गदारोळ झाला होता. मित्राकडे खेळायला गेलेल्या मुलाला, घरातली माणसं जेवत असताना दुसऱ्या खोलीत बसवून ठेवत, अशा आठवणी लोकांनी लिहिल्या. माझ्या इथल्या साठीतल्या मैत्रिणी सांगतात की त्यांच्या लहानपणी हे व्हायचं. त्यात कद्रूपणा नव्हता. त्या मुलाच्या घरी त्याच्यासाठी रांधून ठेवलेलं असणार, आपण परस्पर जेवू घातलं तर त्या घरचा बेत बिघडेल, अशी समजूत होती. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह केला नाही तर त्याला वाईट वाटतं. इथे आग्रह केला तर समोरच्याला नाही म्हणायची पंचाईत होते, म्हणून करत नाहीत. तुझ्यापुरता याचा अर्थ असा की मनातलं कुणी ओळखून घेणार नाही. 'जेवणाचं मी माझं बघू, की एखाद्या दिवशी एकत्र जेवायचं?' असं थेट विचार. थेट उत्तर मिळेल, आणि ते 'नाही' असलं तरी त्यात राग नसतो.

बाकी पुष्कळसं त्या बाईंच्या स्वभावावर आणि घराच्या आकारावर अवलंबून आहे. काही यजमान स्वतः शहर दाखवायला निघतात, काही किल्ली हातात ठेवून आपल्या कामाला लागतात. दोन्ही प्रकारची माणसं तितकीच आपुलकीची असू शकतात. निवृत्त आहेत म्हणजे दिवसभर घरी असतील असंही धरून चालू नकोस. इथली निवृत्त माणसं गाण्याच्या मंडळात, पोहायला, नातवंडांकडे अशी सतत कुठे ना कुठे असतात.

म्हणून निघायच्या आठवडाभर आधी त्यांना एक नीट संदेश लिही. किती वाजता आणि कशाने पोचणार, मी शाकाहारी आहे पण माझ्यासाठी वेगळं काही करू नका, अंथरूण-पांघरूण आणू का, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी तुम्हाला घर मोकळं हवं असतं, एवढं पुरे. चादरीचं मुद्दाम सांगते, कारण स्कँडिनेव्हियात हॉस्टेलमध्ये आणि सुट्टीच्या लाकडी घरांत पाहुण्याने स्वतःची चादर आणायची रीत आहे. बहुतेक यजमान 'नको' म्हणतील, पण विचारल्याचं बरं वाटतं. घर मोकळं हवं असण्याचा प्रश्न आपल्याला उद्धट वाटतो. त्यांना तो अतिशय समजूतदार वाटेल.

पाच रात्रींबद्दल माझं स्पष्ट मत आहे की ही मुदत मोठी आहे. सर्व्हास नावाची घरोघरी पाहुणचाराची जुनी चळवळ आहे, १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली. तिच्यात साधारण दोन रात्रींचा शिरस्ता आहे, आणि यजमानांनी आपणहून म्हटलं तरच पुढे राहायचं. तुझ्या बाईंनी पाच रात्री कबूल केल्यात, तर राहा. पण संदेशात लिही की तीन रात्री नक्की, पुढच्या दोन तुमच्या सोयीने, नाहीतर मी हॉस्टेल बघीन. आणि दोन रात्रींच्या हॉस्टेलचे पैसे खरोखरच बाजूला ठेव. एकटी आहेस म्हणूनही ते हवेत. त्यांच्याबद्दल आधीच्या पाहुण्यांनी लिहिलेलं सगळं वाच, एकदा व्हिडिओ कॉल कर, पत्ता घरी देऊन ठेव. तिथे गेल्यावर काही खटकलं, तर कारण न देता निघायची मोकळीक आपल्या खिशात असावी.

आता घरात शिरल्यावर. बूट दारातच काढायचे हे आपल्याला शिकवावं लागत नाही. अंघोळीनंतर न्हाणीघरात वायपर दिसेल, त्याने फरशीवरचं पाणी जाळीकडे ओढून टाकायचं. रात्री दहानंतर पाण्याचे मोठे आवाज टाळ, जुन्या इमारतींत ते वरखाली सगळीकडे ऐकू जातात. फ्रिजमध्ये दुधाच्या खोक्यांचे रंग लक्षात ठेव: लाल म्हणजे तीन टक्के स्निग्धांश, हिरवं दीड, निळं अर्धा. चहाला लाल घे. आणि शेजारी तसल्याच खोक्यात 'फिलम्योल्क' असतं, ते आपल्या घट्ट ताकासारखं आंबट. आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी पाहुण्याचा पहिला चहा त्याने फाटला आहे. न्याहारीला चीजची मोठी वडी आणि तिचे पातळ काप काढायची चपटी किसणी ठेवतील. ती किसणी वडीच्या सपाट बाजूवरून सारखी ओढायची, म्हणजे वडी शेवटपर्यंत सपाट राहते. एकाच टोकाकडून ओढत राहिलीस तर तिथे उतार होतो, आणि बोलणार कुणी नाही, पण दिसतो तो सगळ्यांना. ओला कचरा तपकिरी कागदी पिशवीत, बाकीचं वेगवेगळं. कशात काय टाकायचं हे पहिल्याच संध्याकाळी दाखवून घे.

कपडे धुण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सॅक घेऊन फिरणाऱ्याचं काम याच्याशी पडतंच आणि इथे भांडणंही यावरूनच होतात. इथल्या बहुतेक अपार्टमेंटमध्ये घरात मशीन नसतं. तळघरात सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक धुण्याची खोली असते. तिच्या दाराशी भिंतीवर एक फळा असतो, त्यावर महिन्याचे दिवस आणि रोजचे दोन-तीन तासांचे टप्पे आखलेले. प्रत्येक घराला घरक्रमांक कोरलेलं एक छोटं कुलूप मिळतं. हव्या त्या टप्प्याच्या भोकात ते घालून किल्ली फिरवली की वेळ आपली. नव्या इमारतींत हेच पडद्यावर होतं. टप्पा दहा वाजता संपत असेल तर दहाच्या ठोक्याला मशीन रिकामं, वाळवणीच्या कपाटातले कपडे काढलेले आणि फरशी पुसलेली हवी. ड्रायरच्या जाळीत कपड्यांचा कापसासारखा भुगा साठतो, तो हाताने काढायचा. जाळी तशीच सोडली तर पुढचा माणूस दारावर चिठ्ठी लावतो, आणि ती तुझ्या यजमानीणबाईंच्या नावाने लागते. तू चार दिवसांत निघून जाशील, त्या शेजाऱ्यांसोबत त्यांना अजून वीस वर्षं राहायचं आहे. म्हणून धुणं त्यांनी स्वतः 'टाक' म्हटलं तरच टाक, त्यांच्याच टप्प्यात, आणि जाळी स्वतः साफ कर. एरवी अंघोळीच्या वेळी दोन कपडे हाताने धुऊन घेतलेस तरी चालतं. वाळत कुठे घालायचे तेवढं विचार.

एका संध्याकाळी तू स्वयंपाक करावास असं मला मनापासून वाटतं. फुकट राहण्याची परतफेड म्हणून भेटवस्तूंपेक्षा हे चांगलं, कारण त्या निमित्ताने दोन तास टेबलाशी गप्पा होतात आणि शहराची खरी माहिती तिथेच मिळते. बेत आदल्या दिवशी ठरवा, आणि जेवण लवकर, सहाच्या सुमारास. पिठलं-भात, मुगाची खिचडी आणि कोशिंबीर असं साधं कर. बेसन इथे चण्याच्या पिठाच्या नावाने साध्या दुकानातही मिळतं, मसूर तर सगळीकडे. फक्त फोडणी सांभाळ. इथली स्वयंपाकघरं बाहेरच्या खोलीला लागून उघडी असतात, पंखा मंद असतो आणि छताला धुराचा भोंगा असतो. मोहरी-मिरचीच्या एका ठसक्याने तो वाजतो, आणि दारातल्या खुंटीवरचे लोकरीचे कोट आठवडाभर वास धरून ठेवतात. कोटांकडचं दार लाव, खिडकी उघड, पंखा पूर्ण ठेव, तेल कमी तापव आणि झाकण हाताशी ठेव. तिखट वेगळं दे. उदबत्ती मात्र विचारल्याशिवाय लावू नकोस, इथे वासाने त्रास होणारी माणसं बरीच आहेत.

आणि हापूस. आईंना सांग, पाठवू नका. युरोपीय संघात बाहेरून फळं आणायची तर रोपआरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना. आंबा त्यात नाही. विमानतळावर पेटी काढून घेतली जाईल. ताजा कढीपत्ताही त्याच नियमात. पेढे, बर्फी, तूप हे दुधाचे पदार्थ म्हणून आणायला बंदी आहे. भाकरवडी, चिक्की, कोकणातले काजू चालतात. सुक्यामेव्याची ॲलर्जी नाही ना, ते आधी विचार. हापूस द्यायचाच असेल तर जर्मनीतल्या भारतीय दुकानात विकत घे. तो तिथे रीतसर आयात झालेला असतो, पुढे स्वीडनला नेण्यात अडचण नाही. दोन आंबे पुरेत, आणि ते स्वतः कापून दे. वाइनची बाटली हीही इथली नेहमीची भेट आहे. इथे शहरात ती फक्त सरकारी दुकानात मिळते, आणि ती दुकानं शनिवारी दुपारी तीनपर्यंत बंद होतात, रविवारी उघडतच नाहीत.

म्हणजे घराच्या बाबतीत: आधी संदेश, तीन रात्री पक्क्या धरायच्या, जेवणाचं आणि मोकळ्या वेळेचं तोंडाने विचारायचं, धुण्याच्या खोलीत शिस्त, एक रात्र तुझा स्वयंपाक. एवढं झालं की बाकीचा वेळ निर्धास्तपणे शहराचा.

यायचं कसं, याबद्दल तू विचारलं नाहीस, पण जर्मनीतून येणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती कीलहून रात्रीची बोट. संध्याकाळी सुटते, सकाळी गोथेनबर्गला. सकाळी लवकर उठून डेकवर जा. आधी उघडे, गुळगुळीत खडकांचे बेटसमूह लागतात, मग डावीकडे-उजवीकडे जमीन जवळ येते, नदीच्या तोंडाशी बेटावरचा जुना किल्ला दिसतो आणि बोट एका उंच झुलत्या पुलाखालून आत शिरते. जर्मनीच्या बोटीचा मायनाब्बे धक्का मायोर्नाच्या अगदी जवळ आहे, म्हणजे तू जवळपास त्यांच्या दारात उतरशील. तिकिटावर धक्क्याचं नाव मात्र तपासून घे, डेन्मार्कच्या बोटी वेगळीकडे लागतात. कोपनहेगनवरून रेल्वेने किंवा बसने आलीस तर स्वीडनच्या हद्दीत ओळखपत्रं तपासतात. पासपोर्ट आणि जर्मनीचं निवासकार्ड दोन्ही मूळ प्रती हाताशी ठेव, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. रेल्वेत शहराचं नाव 'यतेबोरी' असं काहीसं कानावर येईल, तेच आपलं स्टेशन.

शहर पायी आणि ट्रामने पाहायचं आहे. इथे १८७९ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०२ मध्ये विजेची आली, आणि आजही शहर ट्रामवरच चालतं. वेस्तत्राफिक या इथल्या वाहतूक संस्थेचं ॲप घे आणि A विभागाचं तिकीट काढ. एकेरी तिकीट दीड तास चालतं, तेवढ्यात कितीही ट्राम, बस, बोटी बदल. रोज फिरणार असशील तर तीन दिवसांचं तिकीट परवडतं. पैशांचं म्हणशील तर रोख जवळजवळ कुठेच लागत नाही, ट्राममध्ये तर घेतच नाहीत. जर्मनीचं कार्ड सगळीकडे चालेल. अडचण फक्त घरगुती जुन्या बाजारात येते. तिथे लोक 'स्विश' नावाच्या मोबाइल सोयीने पैसे देतात, आणि त्याला स्वीडनमधलं बँक खातं लागतं. यजमानीणबाईंना सोबत घेऊन जा, त्या स्विश करतील, तू त्यांना परत दे.

हा बाजार मी उगाच काढला नाही. मायोर्नात मे महिन्यातल्या एका रविवारी अख्खा मोहल्ला आपापल्या अंगणात टेबलं मांडून जुन्या वस्तू विकतो. तुझ्या तारखांत तो बसला तर बाकी सगळं सोडून तिथे जा. नाही बसला, तरी पहिला दिवस मायोर्नातच घालव. इथली घरं नीट बघ: खालचा मजला दगड-विटांचा, वरचे दोन लाकडी. आगीच्या भीतीने लाकडी घरं दोन मजल्यांपुरती मर्यादित होती. गिरणी-बंदरातल्या कामगारांना घरं तर हवी होती, मग १८७० च्या दशकात लोकांनी खालचा मजला पक्का बांधून त्यावर लाकडी दोन मजले चढवले आणि नियमात बसवले. अशा घरांचे चौक रस्त्यावरून दिसत नाहीत, कमानीतून आत डोकावलं की कळतात: सायकली, लिलाकची झुडपं, दोरीवर कपडे, बाकावर कॉफी पिणारं कुणीतरी. तुझ्या बाईंचं घर असंच असण्याची शक्यता आहे. चौकात येणंजाणं चालतं का, कुणाला 'हेय' म्हणायचं, ते त्या सांगतील. तिथून चालत मास्तहुगच्या टेकडीवरच्या चर्चपाशी जा. १९१४ मध्ये बांधलेलं ते चर्च आणि समोर सगळं बंदर, फुकट.

एक बारीक गोष्ट: मेचा शेवटचा रविवार हा स्वीडनमधला मातृदिन. बाईंना मुलंबाळं असतील तर ती त्या दिवशी येतील, फुलं-केक घेऊन. विचार, आणि तसं असेल तर सकाळीच बाहेर पड. तो दिवस बेटांना दे.

बेटांसाठी मात्र अख्खा दिवस हवा, अर्ध्या दिवसात उरकू नकोस. ११ नंबरची ट्राम मायोर्नातूनच पश्चिमेला साल्तहोल्मेनपर्यंत जाते. ट्राम थांबते तिथून बोटीचा धक्का दिसतोच, आणि तिकीट तेच चालतं. दक्षिणेकडच्या या बेटांवर खासगी मोटारी नाहीत. सामान पुढे पाटी असलेल्या तीनचाकी मोपेडवरून नेतात, म्हातारी माणसं गोल्फच्या गाड्यांतून फिरतात. हा सगळा पट्टा लष्करी होता, परदेशी माणसाला इथे मोकळेपणी यायला १९९० च्या दशकापर्यंत मनाई होती. कदाचित म्हणूनच इथे हॉटेलांची गर्दी झाली नाही. एकच बेट निवडायचं तर मी सर्वांत दक्षिणेचं व्रोंगो सांगीन. गावातून बाहेर पडलं की पायवाट थेट खडकांवरून जाते, वारा झोंबतो, आणि नशीब असेल तर सील दिसतात. मेमध्ये पक्ष्यांची वीण चालू असते, काही भागांत जायला बंदीच असते, पाट्या पाळ. स्टिर्सो जास्त झाडीचं आहे, आणि पुलावरून चालत दोन्सोला जाता येतं. गवतातून चालून आल्यावर पाय, गुडघ्यामागची जागा नीट तपास. इथल्या गोचिडींतून आजार पसरतात, आणि लवकर काढली तर त्यांतल्या काहींचा धोका बराच कमी होतो. डबा आणि पाणी घरून ने, आणि शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच बघून ठेव. उन्हाला फसू नकोस; या दिवसांत सूर्य साडेचारच्या आसपास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, उजेड आहे म्हणजे बोट आहे असं नाही. झोपायला डोळ्यांवरची पट्टीही आण.

पावसाचा एक दिवस धरूनच चाल, हे वाऱ्या-पावसाचं शहर आहे. छत्री उलटते, जॅकेट हवं. त्या दिवशी कालव्याकाठच्या शहर संग्रहालयात जा. ही इमारत म्हणजे स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी आणि वखार. आपण शाळेत इंग्रजांची, डचांची, फ्रेंचांची कंपनी शिकतो, या लोकांचीही होती, १७३१ मध्ये स्थापन झालेली. मुख्य व्यापार चीनमधल्या कँटनशी, चहा आणि चिनीमातीचा. काही जहाजं सुरतेलाही आली होती. त्यांचं 'यतेबोरी' नावाचंच जहाज १७४५ मध्ये चीनहून परतताना, घर दिसू लागल्यावर बंदराच्या तोंडाशी खडकावर बसून बुडालं. कीलच्या बोटीवरून तू तो किल्ला बघशील ना, त्याच्याच जवळ. माल वाचवून विकला तर सफरीचा खर्चही भरून निघाला, इतका त्या चहाला भाव होता. याच संग्रहालयात एक खरी व्हायकिंग काळातली नावही आहे. घाईघाईने फिरून निघू नकोस.

स्लॉत्सस्कूगेन उद्यान मायोर्नाच्या शेजारीच आहे, एल्क हरणं आणि सील फुकट बघता येतात. त्याला लागून वनस्पती उद्यान. मेअखेरीला तिथल्या दरीत ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात. हागा या जुन्या वस्तीतल्या गल्लीत सगळेच जातात म्हणून जा, ताटाएवढा दालचिनीचा बन दोघींत एक घे. लीसेबॅरी या करमणूक उद्यानातल्या पाळण्यांना पैसे घालायचे की नाही ते तुझं तू ठरव, मी बॅकपॅकरला सांगत नाही. वेळ असेल तर ट्रामने ईशान्येला हामारकुलेनला जा. खडक फोडून केलेल्या भुयारात तिथलं ट्राम स्टेशन आहे, आणि मेअखेरीला बहुधा तिथला कार्निव्हल असतो. जगभरून आलेल्या लोकांचं ते उपनगर आहे. मध्यवस्तीतल्या गोथेनबर्गवरून या शहराचं मत बनवू नये.

बाहेर खायचं तर दुपारी खा. सोमवार ते शुक्रवार साधारण अकरा ते दोन 'आजचं जेवण' असतं. त्यात सॅलड, ब्रेड, पाणी, कॉफी धरलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी एक शाकाहारी पदार्थ मिळतोच. रात्री तेच हॉटेल बरंच महाग पडतं. स्वस्तात पोट भरायला फलाफलची गुंडाळी चांगली. अंडं, जिलेटिन, चीज करताना दूध फाडायला घालतात ते रेनेट (ही दोन्ही बहुधा प्राण्यांपासून काढलेली) तुला चालतं का यावर बाकीचं अवलंबून. कडक शाकाहारी असशील तर गोड गोळ्यांची पाकिटं वाचून घे. पाणी नळाचं, सगळीकडे चांगलं. स्वच्छतागृह आणि बसायला जागा हवी असेल तर पोसायडनच्या पुतळ्याशेजारचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुणी काही विचारत नाही.

भारतातून थेट येणाऱ्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी थोडं. तुम्हाला शेंगेन व्हिसा लागेल. कुणाच्या घरी उतरणार असाल तर यजमानाचं निमंत्रणपत्र जोडावं लागतं, शिवाय किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. अनोळखी यजमानाकडे निमंत्रणपत्र मागणं अवघड वाटतं, आणि काही जण नाही म्हणतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी ते मागा.

निघायच्या दिवशी चादर-उशीचे अभ्रे काढून घडी करून ठेव, फ्रिजमधलं तुझं उरलेलं विचारून मग टाक किंवा सोड, आणि किल्ली हातात दे, टपालपेटीत टाकायची असेल तर तसं ठरवून. कीलची परतीची बोट संध्याकाळची असते, त्यामुळे दिवसभर सॅक ठेवू देतील का हे आदल्या रात्री विचार. संकेतस्थळावर त्यांच्याबद्दल दोन दिवसांत लिही, आणि 'खूप छान' एवढंच न लिहिता घर कसं आहे, त्यांना काय आवडतं हेही लिही. पुढच्या पाहुण्याला त्याचाच उपयोग होतो. तारखा पक्क्या झाल्या की इथे टाक. त्या आठवड्यात ट्रामची कामं कुठे चालू आहेत आणि मायोर्नाचा बाजार कोणत्या रविवारी आहे, ते बघून सांगते.